सूर्य मावळला की फाटक बंद

लंडनला गेलेले आपले लोक किंग हेन्रीज रोडवरचे 10 नंबरचे घर पाहिल्याशिवाय परतत नाहीत. बाबासाहेब 1921-22 मध्ये येथे राहत होते. 2015 साली महाराष्ट्र शासनाने ते विकत घेतले. डिसेंबरातल्या एका रविवारी आम्ही उभयता भाच्यासोबत तेथे जाऊन आलो. या घराविषयी आपण पुष्कळ वाचले आहे. आज सांगायचे आहे ते शेजारच्या हिरवळीविषयी.

घरापासून थोडे चालले की प्रिमरोज हिल ही टेकडी लागते. उंची जेमतेम 64 मीटर, पण माथ्यावरून सारे लंडन दिसते. टेकडी उतरून रस्ता आणि कालवा ओलांडला की रीजंट्स पार्क. पूर्वी हे राजघराण्याचे रान होते. 1835 साली त्याचा काही भाग सामान्यांसाठी खुला झाला, तोही आठवड्यातून दोनच दिवस.

आम्ही बाकावर जरा टेकतो न टेकतो तोच अंधारून आले. घड्याळात चारही वाजले नव्हते! लंडन खूप उत्तरेला असल्याने तेथे डिसेंबरात सूर्य 3 वाजून 52 मिनिटांच्या सुमारास मावळतो, तर जूनमध्ये रात्री 9 वाजून 21 मिनिटांनी. आपल्या मुंबईत वर्षभरात सूर्यास्त फार तर सव्वा-दीड तास मागेपुढे होतो. सूर्यबिंबाची वरची कड क्षितिजाखाली गेली, तो क्षण सूर्यास्त म्हणून धरतात. त्याची गणिते आधीच मांडलेली असतात, म्हणून वर्षभराच्या वेळा अगोदर छापता येतात.

उद्यानाची वेळही सूर्याबरोबर सरकते. पहाटे पाचला फाटक उघडते. बंद मात्र हिवाळ्यात साडेचारच्या सुमारास आणि ऐन उन्हाळ्यात साडेनऊच्या सुमारास होते. वेळ फाटकावरच्या फलकावर असते. ती टळल्यावर आत थांबता येत नाही. रखवालदाराने सर्वांना सारख्याच अदबीने बाहेर काढले. कोण, कुठला, हे कोणी विचारले नाही. ज्यांच्या पूर्वजांना 1927 साली चवदार तळ्याच्या पाण्यासाठी मार खावा लागला, त्यांना हे जाणवल्यावाचून कसे राहील?

बाहेर पडताना भाचा म्हणाला, “मामा, नियम सर्वांना सारखा आहे, पण सूर्य सर्वांना सारखा मिळत नाही.” तो एका रुग्णालयाच्या भटारखान्यात काम करतो. सकाळी अंधारात निघतो, अंधारातच परततो. हिवाळ्यात सोमवार ते शुक्रवार त्याला हे फाटक उघडे दिसतच नाही. दिवसा मोकळा असलेल्या माणसाचे काही बिघडत नाही. अंधारात एवढ्या मोठ्या बागेची राखण अवघड, हे आम्हालाही पटते. पण या नियमाचा भार कष्टकऱ्यावरच अधिक पडतो, हेही खरे.

म्हणून त्याला टेकडी प्रिय आहे. ती सहसा रात्रीही खुली असते. 2021 च्या उन्हाळ्यात गोंगाट आणि गुन्ह्यांच्या तक्रारींवरून तेथे काही आठवडे शुक्रवार ते रविवार रात्री कुलूप लागले, तेव्हा त्यावर बराच वाद झाला होता. तो कामावरून आला की चहाचा थर्मास घेऊन माथ्यावर बसतो. त्या संध्याकाळी आम्हीही बसलो. खाली दिवे लागले होते, आणि आम्हाला उठवायला कोणी आले नाही.

हिवाळ्यात जाणाऱ्या वाचकांनी आधी फलक पाहावा. उद्यान दुपारी बघावे, टेकडी नंतर.