तळहातांमधलं लाकूड

ताई ची करणाऱ्यांपैकी काहींच्या हातात एक आखूड लाकूड असतं. दहा-बारा इंचांचं, लेथवर उतरवलेलं, मधे जरा फुगीर. दोन टोकं दोन तळहातांच्या खळग्यांत टेकवायची आणि पोटासमोर सावकाश चाकासारखं फिरवायचं. मुठीत धरायचं नाही. दाबलं तर खांदे ताठतात, सैल सोडलं तर ते पायावर पडतं. सगळी विद्या या दोहोंच्या मधल्या चिंचोळ्या जागेत आहे. चीनमध्ये ती फार काळ मोजक्या घरांतच राहिली; 1954 साली झाओ चुंगताओ यांनी बीजिंगमध्ये शाळा काढली, तेव्हा कुठे ती चारचौघांत आली.

हिंगोलीत हे दुकानात कुठलं मिळायला! सुताराकडून सागवानाचं करून घेतलं. तो म्हणाला, "गुरुजी, लाटण्याला हे आखूड पडतंय की." याचं काही करायचं नसतं, नुसतं धरायचं असतं, हे त्याला सांगताना माझीच पंचाईत झाली.

खरं काम पायांचं. एक पाय पुढे. वजन मागे आलं की पुढचा चवडा उचलतो, पुढे गेलं की मागची टाच सुटते. हात फिरतात ते या झुलण्यामुळे. आणि हे झुलणं आमच्याकडे कुणाला नवं आहे? कयाधूकाठच्या नर्सीत, नामदेवांच्या जन्मगावी, एकादशीला पावली खेळणारे बघा. एरवी ओट्यावरून उतरताना गुडघ्याला हात लावणारी म्हातारी माणसं हातात चिपळ्या आल्या की पुढे-मागे अशी डुलतात, की वजन कुठल्या पायावर आहे ते कळू नये. श्वास कधी घ्यायचा हेही तिथं कुणी शिकवत नाही. चरण संपतो, टाळकरी उचलून धरतात, तेवढ्यात छाती भरून घ्यायची. ताई ची एकट्यानं, मुक्यानं करायचं. इथं पखवाज आहे, शेजाऱ्याचा खांदा लागतोय, गर्दी आहे. मला विचाराल तर गर्दीतला तोल अवघड.

औंढ्याला तर देऊळच फिरलं म्हणतात. नामदेवांना पुढून उठवलं, ते मागे जाऊन कीर्तनाला उभे राहिले, आणि नागनाथानं तिकडे तोंड केलं. नंदी मात्र होता तिथंच राहिला. तो आजही देवळाच्या मागच्या बाजूला दाखवतात. कमरेतून वळताना पाय जागचे हलवायचे नाहीत, असं ताई चीत बजावून सांगतात. नंदीला ते जमलं, मला अजून नाही.

कुणाला करून बघायचं असेल तर लाकूड बाहेरून मागवण्यात पैसे घालू नका. गावातल्या सुताराला एक तुकडा द्या, टोकं तेवढी गोल आणि गुळगुळीत घासून घ्या; तळहाताला कूस लागली तर दोन दिवस सराव बंद. गुडघे फारच कुरकुरत असतील, तर आधी खुर्चीत बसून करा.