आरोपीच्या शेजारी उभा राहणारा

गतवर्षी श्रावणातल्या एका रात्री आमच्या धर्मग्रामातील एक विधवा माउली दारी आली. "फादर, पोराला पोलिसांनी नेलं," एवढेच ती बोलू शकली. एका गुदामातील चोरीचा आळ त्याच्यावर आला होता. दुसऱ्या दिवशी मी तिच्यासोबत तालुक्याच्या न्यायालयात गेलो. चोराची बाजू घेणारा वकील सज्जन कसा असेल, असे मी पूर्वी चारचौघांत अनेकदा म्हटले होते, हे येथे कबूल करतो.

आम्हांला भेटलेले वकील साठीच्या पुढचे होते. त्यांच्या पिशवीत जुने आणि नवे असे कायद्याचे दोन संच होते. मी कारण विचारले. "१ जुलै २०२४ पूर्वी घडलेल्या गुन्ह्यास १८६० चे दंडविधान, त्यानंतरच्या गुन्ह्यास भारतीय न्याय संहिता. जन्मभर तोंडपाठ असलेली कलमे या वयात पुन्हा शिकतो आहे, फादर," ते हसून म्हणाले.

नव्या नागरिक सुरक्षा संहितेत चांगले पुष्कळ आहे. आरोपी न्यायालयापुढे आल्यापासून चौदा दिवसांच्या आत आरोपपत्राच्या प्रती त्याला मिळाल्या पाहिजेत. झडतीचे चित्रण झाले पाहिजे. परंतु वेगाचा भार वकिलावरही पडतो. अशा खटल्यात दोषमुक्तीचा अर्ज प्रती मिळाल्यापासून साठ दिवसांत करावयाचा. कारण हाताबाहेरचे असले तरी दोहोंहून अधिक तहकुबी नाहीत. पंधरा दिवसांची पोलीस कोठडी आता पहिल्या चाळीस दिवसांत तुकड्यातुकड्यांनीही मागता येते. म्हणून जामीन मागताना "कोठडी अजून हवी आहे" या उत्तराला तोंड द्यावे लागते. कागदपत्रे संगणकावरून दिली तरी ती दिली असे धरले जाते. आमच्या वकिलांजवळ संगणक नव्हता. ती वाचण्यासाठी ते भाच्याच्या दुकानी जात.

धनिकाचा वकील चार साहाय्यक ठेवील. गरिबाच्या वकिलाने काय करावे? आणि तो मागे पडला तर दंड कोणाला? त्या माउलीच्या मुलालाच.

म्हणून वाचकहो, एक गोष्ट ध्यानी ठेवा. आपल्या पसंतीच्या वकिलाचा सल्ला घेण्याचा अधिकार राज्यघटनेच्या बाविसाव्या अनुच्छेदाने अटक झालेल्या प्रत्येकास दिला आहे. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्यानुसार कोठडीत असलेल्या मनुष्यास, त्याचे उत्पन्न कितीही असो, मोफत वकील मिळू शकतो. तालुक्याच्या विधी सेवा समितीकडे त्यासाठी अर्ज करावा. मात्र विलंब करू नये. मुदती आता कोणासाठी थांबत नाहीत.

मुलाला जामीन मिळाला. खटल्याचा निकाल अद्याप लागायचा आहे. तो दोषी की निर्दोष, हे मला ठाऊक नाही. त्या वकिलांनीही मजजवळ कधी तसा दावा केला नाही. "ते न्यायाधीश ठरवतील. त्याचे म्हणणे पुरतेपणी ऐकले जावे, एवढेच माझे काम," ते म्हणत.

परवा गावात कोणीतरी पुन्हा "चोराचा वकील" म्हणून हसले. या वेळी मी हसलो नाही.