साखर, रंग आणि अर्णवचा डबा

चि. मेघना हीस,



तुझा निरोप वाचला. एडीएचडी आहे म्हणून अर्णवची साखर बंद, मैदा बंद, दूध बंद; आता गहूही बंद करायचं म्हणतेस. उरलं काय गं मग?

साखरेवरचा आळ जुना आहे. १९९४ साली अमेरिकेत हूवर आणि मिलिक या दोघांनी पाच ते सात वर्षांची मुलं घेतली. साखर खाल्ली की आमचा मुलगा चेकाळतो, असं म्हणणाऱ्या आयांची. पेय सगळ्यांना बिनसाखरेचंच दिलं, पण काही आयांना सांगितलं की यात भरपूर साखर होती. त्यांना आपला मुलगा जास्त वांड वाटला. शिवाय त्या त्याच्या जवळजवळ राहिल्या, त्याला जास्त टोकत राहिल्या. एवढी वर्षं मुलांच्या ओपीडीत आहाराचे तक्ते लिहिले, पण त्या आयांत मला आपण सगळ्याच दिसतो. साखर कमी कर, ती दातांसाठी. एडीएचडीसाठी नको.

खाऊतल्या रंगांचं मात्र अगदीच खोटं नाही. २००७ साली साउदॅम्प्टनच्या अभ्यासात काही कृत्रिम रंग आणि सोडियम बेंझोएट यांच्या मिश्रणाने साध्या, निदान नसलेल्या मुलांचीही चुळबुळ थोडी वाढलेली दिसली. थोडीच, आणि सगळ्यांची नाही. तरी २०१० पासून युरोपात तशा रंगांच्या खाऊवर इशारा छापावा लागतो. आपल्याकडे पाकिटामागे १०२, ११०, १२२, १२४ हे आकडे बघ आणि ठेवून दे. पेप्सीकोला आणि रंगीत जेलीवाचून कुणाचं अडत नाही.

पदार्थ गाळून बघायचेच असतील तर डॉक्टर आणि आहारतज्ज्ञ यांच्या देखरेखीखाली, ठरावीक आठवडे, आणि मग एकेक परत सुरू करून. मनाने नको. आधीच निवडून खाणारं पोर, आणखी वाळेल. लोहाचं टॉनिकही रक्त तपासल्याशिवाय देऊ नकोस.

खरी अडचण तू ओझरती लिहिलीस: डबा तसाच परत येतो. अगं, ती एडीएचडीची मिथाइलफेनिडेटची गोळी भूक मारते, आणि दुपारीच जास्त. तेव्हा सकाळी गोळीआधी पोटभर खाऊ दे. लोणी लावलेलं थालीपीठ, अंडं, दाण्याची चटणी, जे आवडेल ते. डब्यात दोन घासांचंच दे, पण तुपातलं. रात्री नऊला भूक लागली म्हणाला तर "मघाशी का नाही जेवलास?" म्हणू नकोस, दहीभात कालव. त्याची भूक तेव्हाच परत येते. सासूबाईंनाही हे नीट सांग, नाहीतर त्या ताट घेऊन मागे धावणार.

वजन-उंची वहीत लिहून ठेव आणि पुढच्या खेपेला डॉक्टरांना दाखव. वजन अडलं असेल तर डोस किंवा वेळ बदलता येते. गोळी मनाने थांबवू नकोस, आणि दूध उद्यापासून सुरू कर.

तुझी,
सुमामावशी