दोन भिंगे

गेल्या दिवाळीआधी कादंबरीचे मानधन हाती आले आणि पक्षी पाहायची दुर्बीण घ्यावी, ही जुनी हौस उचंबळून आली. बुधवार पेठेतल्या आमच्या माडीवर दोन दुर्बिणी पारखायला आणल्या. एकीचे पुढचे भिंग ६० मिलिमीटरचे, दुसरीचे ८०चे. किंमत मात्र तिप्पट!

स्वस्त दुर्बिणीतून समोरच्या कौलावरचा पारवा साठपट केला, तो अंधुक झाला. माझे मॅट्रिकचे गणित कामी आले. भिंगाच्या व्यासाला पटीने भागावे. साठपटीला डोळ्यात येणारा प्रकाशझोत १ मिलिमीटर रुंद, वीसपटीला ३. वीसपटीवर पारवा लख्ख दिसला.

तरी मन महागडीकडेच धावत होते. आईला दोन्ही दाखवल्या.

“मला दोन्हींत धूरच दिसतो रे,” ती म्हणाली.

तिचा मोतीबिंदू मी दोन दिवाळ्या पुढे ढकलला होता. मान खाली गेली. साठाची दुर्बीण घेतली. उरलेल्या पैशांतून आईच्या डोळ्यात नवे भिंग बसले.

हिवाळ्यात भिगवणला उजनीच्या पाण्यात रोहित पक्षी उभे होते. वीसपटीवर दुर्बीण लावून दिली. आई बराच वेळ बोललीच नाही. मग म्हणाली, “अरे, हे तर गुलाबी आहेत!”