कॉर्डलेस घेण्याआधी

नाट्यमंडळाचे व्यवस्थापक असोत, गावात सप्ताह बसवणारी तरुण मंडळी असोत की या धंद्यात नुकताच उतरलेला एखादा साउंडवाला, फोनवरचा प्रश्न ठरलेला असतो : "दादा, कॉर्डलेस घ्यायचाय. कुठल्या कंपनीचा घेऊ?" कंपनीचं नाव मी सगळ्यात शेवटी सांगतो. आधी विचारतो, माइक लावणार कुणाला? तो माणूस बसून गाणार आहे की उभा राहून बोलणार आहे? नाचणार आहे? त्याच्या मागे काय वाजणार आहे?

बसून गाणार असेल तर माझं उत्तर तिथेच संपतं. तारेचा माइक घ्या. बैठकीची लावणी, भजन, ख्याल, प्रवचन, यांतल्या कुणालाही तारेची अडचण होत नाही. कॉर्डलेसच्या किमतीत माइक, ट्रान्समीटर आणि रिसीव्हर असे तीन वाटेकरी असतात, त्यामुळे त्याच पैशात येणारा तारेचा माइक आवाजाला नेहमीच सरस ठरतो. त्याचे सेल संपत नाहीत आणि त्याच्या वाटेत कुणाचा फोनही येत नाही. केवळ मंचावर तार दिसू नये म्हणून बसलेल्या गायकाच्या हाती कॉर्डलेस देणं मला पटत नाही.

ज्याला हालचालीची मोकळीक हवी, त्याच्यासाठी मात्र या यंत्रासारखी दुसरी सोय नाही. शुअर कंपनीनं १९५३ मध्ये व्हॅगाबाँड नावाचा बिनतारी माइक बाजारात आणला, तेव्हा त्यात व्हॉल्व्ह होते. तेव्हापासून आजपर्यंत या यंत्राकडे मागणी एकच आहे, माणसाला बांधून ठेवू नका.

वारकरी कीर्तनच घ्या. महाराज मधोमध उभे, मागे टाळकऱ्यांची रांग, बाजूला मृदंग, हार्मोनियम. निरूपणात आवाज कुजबुजीपर्यंत खाली येतो आणि गजराला तेच महाराज दोन्ही हात वर करून उड्या घेतात. अशा ठिकाणी हौसेनं कॉलर माइक लावला जातो, कारण तो दिसत नाही. पण कॉलर माइक तोंडापासून साधारण २० सेंटिमीटर खाली असतो. त्यावर उपरणं घासतं. कीर्तनाच्या सुरुवातीला झेंडूचा हार गळ्यात पडला की पाकळ्यांची खसखस सगळ्या मांडवाला ऐकू जाते. मागचे काशाचे टाळ त्या माइकला जवळपास महाराजांइतकेच मोठे ऐकू येतात. मग आपण आवाज वाढवतो, टाळही वाढतात आणि शिटी वाजते.

तोच माइक गालावर, तोंडापासून अडीच सेंटिमीटरवर आणा. अंतर आठपट कमी झालं. अंतर निम्मं झालं की आवाज ६ डेसिबलनं वाढतो, या हिशोबानं महाराजांचा आवाज १८ डेसिबलनं पुढे आला आणि टाळ होते तिथेच राहिले. किती महागडा सेट आणला तरी हा फरक पैशांनी विकत मिळत नाही. म्हणून कीर्तनासाठी मी गालावरचा, कानामागे तारेनं बसणारा माइक सुचवतो, आणि तोही शक्यतो सगळ्या दिशांनी ऐकणारा. एकाच दिशेनं ऐकणारा माइक शिटी कमी देतो खरा, पण गजरात तो बोटभर सरकला की आवाज पातळ होतो, आणि कीर्तन थांबवून तो नीट करायला कुणी जाऊ शकत नाही. महाराजांना गालावर काही लावणं आवडत नसेल तर आधी घरी जाऊन नम्रपणे दाखवावं, लावून पाहायला द्यावं. मंचावर ऐनवेळी गळ घालू नये.

नाटकात उलट अडचण. तिथे माइक दिसता कामा नये. ऐतिहासिक नाटकात जिरेटोपाची किंवा पगडीची कड उपयोगी पडते. केसांचा टोप (विग) असेल तर केसांच्या रेषेत, कपाळावर छोटा माइक बसवतात. कपाळावरून आवाज छान नैसर्गिक येतो आणि मान फिरवली तरी माइक तोंडाबरोबरच फिरतो. फक्त कपाळ हीच घाम ओघळण्याची जागा. घामाचा एक थेंब जाळीत शिरला की दुसऱ्या अंकात नट पांघरुणातून बोलल्यासारखा ऐकू येतो. म्हणून नाटकासाठी घेताना माइकची जाळी बदलता येते का, घाम सोसणारं टोपण मिळतं का, सुटा माइक वेगळा विकत मिळतो का, हे मी आधी पाहतो. माइकची बारीक तार नेहमी सगळ्यात आधी तुटते.

ट्रान्समीटरचा डबा कुठे बांधायचा, हाही खरेदीचाच प्रश्न आहे. नऊवारीत तो कमरेमागे, आतून शिवलेल्या कापडी पट्ट्यात बसतो. त्याची अँटेना दुमडलेली किंवा कातडीला चिकटलेली चालत नाही. शरीर बहुतांशी पाणी आहे आणि ते ट्रान्समीटरच्या रेडिओ लहरी पिऊन टाकतं. ६०० मेगाहर्ट्झच्या लहरीची लांबी ५० सेंटिमीटर, अँटेना तिच्या पाव, म्हणजे साडेबारा सेंटिमीटर. एवढी जागा वेशभूषेत ठेवावीच लागते, म्हणून डबा लहान आणि हलका बघावा. आणि नटीला तो बांधायला आपल्या माणसांत एक बाई हवी. हे पाळणारी साउंड कंपनी मला जास्त भरवशाची वाटते.

आता हवेविषयी. माइक डोळ्यांना दिसतो, हवा दिसत नाही, म्हणून घेणाऱ्याचं लक्ष तिकडे जात नाही. खरी फसवणूक तिथेच होते. ७०० मेगाहर्ट्झचा पट्टा २०२२ च्या लिलावात मोबाइल सेवेकडे गेला. ७०३ ते ७४८ या भागात फोन बोलतात आणि ७५८ ते ८०३ मध्ये टॉवर. त्या पट्ट्यात चालणारे स्वस्त सेट अजून दुकानात दिसतात. ते घेऊ नका. खोक्यावरचे आकडे वाचल्याशिवाय पैसे देऊ नका.

दुसरा मोह २.४ गिगाहर्ट्झच्या सेटचा. छोट्या वर्गात, मुलाखतीत ते चांगलं काम देतात. पण हाच पट्टा वायफाय आणि ब्लूटूथचाही आहे. दुपारी रिकाम्या नाट्यगृहात आवाज तपासताना सगळं स्वच्छ असतं; संध्याकाळी खुर्च्या भरतात, प्रत्येक खिशात एक फोन येतो, आणि माइक अडखळायला लागतो. भरलेल्या सभागृहासाठी मी तो पट्टा निवडत नाही.

एकाहून जास्त माइक असतील तर आणखी एक गोष्ट समजून घ्यावी लागते. एक सेट ६००.० वर आणि दुसरा ६००.४ वर लावला, की दोन्हींच्या मिश्रणातून ५९९.६ आणि ६००.८ वर नको असलेल्या लहरी तयार होतात. तिसरा सेट समान अंतर राखून ६००.८ वर ठेवला तर तो नेमका त्यांच्या तोंडी जातो. आठ माइक एकत्र चालू असले की अशा तिसऱ्या क्रमाच्या मिश्रणांची संख्या २२४ होते. म्हणून एक-दोन ठरावीक फ्रिक्वेन्सींवर अडकलेला सेट पुढे वाढवता येत नाही. ज्याचा पट्टा रुंद आहे, जो हवा स्वतः तपासून मोकळी जागा दाखवतो, आणि ज्याच्या प्रत्येक माइकमागे दोन खरे रिसीव्हर आहेत, तोच घ्यावा. एक अँटेना अंधारात गेली तर दुसरी ऐकत राहते.

आवाजाची परीक्षा मी घुंगरांनी घेतो. जुन्या पद्धतीचे अ‍ॅनालॉग सेट पाठवताना आवाज दाबतात आणि पोहोचल्यावर परत उलगडतात. ते काम ढिसाळ असेल तर माइकसमोर हळूच हलवलेली घुंगरं खसखशीसारखी वाजतात, त्यांच्या मागून एक श्वास आल्यासारखा सूं आवाज येतो. डिजिटल सेटमध्ये हा दोष नसतो. त्यात उशीर लागतो अशी भीती घातली जाते, पण चांगल्या सेटमधला तीन मिलिसेकंदांचा उशीर म्हणजे आवाजानं एक मीटर चालायला घेतलेला वेळ. गायक आणि तबलजी यांच्यात तेवढं अंतर एरवीही असतंच.

बाकीचं थोडक्यात. रिसीव्हर प्रेक्षकांच्या मागे मिक्सरपाशी न ठेवता विंगेत, मंचाच्या नजरेत ठेवा, आणि एलईडी पडद्यापासून दूर, कारण तो पडदा स्वतःच रेडिओचा गोंगाट करतो. साधे एए सेल चालणारा सेट असेल तर खेड्यातही अडत नाही. मध्यंतरात सेल बदलावेत, ते किती उरले आहेत याचा विचार न करता. हातातल्या माइकची जाळी मुठीत धरू नये आणि खालचं अँटेनाचं टोकही झाकू नये, हे निवेदकाला आधी सांगून ठेवावं.

पैसे मोजकेच असतील तर चार स्वस्त माइकांऐवजी दोन चांगले घ्या आणि उरलेल्या दोघांना तार द्या. ते दोनही लगेच घेऊ नका. आधी तोच सेट भाड्यानं आणा आणि तुमच्याच मांडवात, तुमच्याच टाळकऱ्यांसमोर, माणसं भरलेली असताना एक पूर्ण कार्यक्रम त्यावर काढा. जो डीलर यासाठी सेट द्यायला तयार होतो, त्याच्याकडूनच घ्या.