अंगावर काढलेलं



बरेच दिवस हा विषय मनात होता. घरातले सगळे वाचतात म्हणून हात अडायचा. मग वाटलं, घरातल्यांनी वाचावं म्हणूनच तर लिहायचं!

माझी मोठी काकू कायम वेगळ्या गोणपाटावर बसायची. तिच्याजवळ वास यायचा, म्हणून आम्ही पोरी नाक मुरडायचो. ती गेल्यावर शेवटची आंघोळ घालताना आईला कळलं, तिचं अंग बाहेर आलेलं होतं. किती वर्षं, कोण जाणे. तिने कुणाला सांगितलं नाही, आणि आम्हीही कधी विचारलं नाही.

विचारलं ते गडचिरोलीत, डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांनी. राणीताई स्त्रीरोगतज्ज्ञ. दवाखान्यात येणाऱ्या बायकांवर न थांबता त्या दोन खेड्यांत गेल्या आणि तक्रार असो वा नसो, ६५० बायकांची तपासणी झाली. १९८९ साली 'लॅन्सेट'मध्ये निष्कर्ष छापून आले. ९२ टक्के बायकांना स्त्रीरोग किंवा गुप्तरोग, सरासरी एकीला तीनहून जास्त आजार! आणि याआधी कधी अशी तपासणी झालेल्या किती? फक्त ८ टक्के. बाकीच्यांनी सगळं अंगावर काढलेलं.

आमचं अंकुशनगर म्हणजे कारखान्याचं गाव. दिवाळी झाली की ऊसतोडीच्या टोळ्या येतात. कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. बाई पहाटे उठते, दिवसभर वाकून तोडते, डोक्यावर मोळ्या वाहते. आडोसा नाही, पाणी नाही, दुखलं म्हणून बसलं तर खाडा. शाळेत असताना एका मुलाची आई मला सहज म्हणाली होती, "बाई, पिशवी काढून टाकली, कटकट गेली." वय तिशीच्या आतलं. मी ऐकून घेतलं आणि हजेरी मांडायला लागले. पुढे २०१९ मध्ये शेजारच्या बीड जिल्ह्यात ऊसतोड बायकांची पाहणी झाली, तेव्हा पिशवी काढलेल्या १३ हजारांवर निघाल्या. तो आकडा वाचला आणि मला तीच बाई आठवली. काकूने सांगितलं नव्हतं. हिने तर सांगितलं होतं! तरी माझ्या तोंडून "का गं?" एवढंही निघालं नाही.

आता माझंच सांगते. खोकताना, हसताना लघवी सुटायची. दोन वर्षं लग्नकार्याला जाणं टाळलं, गुडघ्यांचं निमित्त सांगून. शेवटी सुनेनेच विचारलं, "आई, खरं काय ते सांगा." डॉक्टरीणबाईंनी तपासलं आणि ओटीपोटाच्या तळाचे स्नायू आवळण्याचा व्यायाम शिकवला. काही महिन्यांत पुष्कळ फरक पडला. एवढ्यासाठी दोन वर्षं!

तेव्हा पोरींनो, आज घरातल्या म्हातारीजवळ जरा बसा आणि विचारा. पहिल्यांदा ती "काही नाही गं" म्हणेल. उठू नका, परत एकदा विचारा.