सत्तावन्नचे पिस्तूल

आमच्या वाड्याला आता वाडा म्हणायचे ते केवळ बैठकीतल्या दोन सागवानी खांबांचा मान राखण्यासाठी. माळवद गळते, ढेलज केव्हाच बसली. पण या पडक्या वैभवात एक वस्तू अशी होती, की तिच्या जोरावर मी लहानपणी गावातल्या पोरांवर सरदारकी गाजवली. ती म्हणजे आबांच्या पेटीतले पिस्तूल.

"सत्तावन्नचं हाय ते," आबा सांगत. "आपले खापरपणजे मोमिनाबादच्या रिसाल्यात शिलेदार व्हते. त्यांचं."

मोमिनाबाद म्हणजे आपले अंबाजोगाई. निजामी अमलात तेथे हैदराबाद कंटिन्जंटच्या घोडदळाची छावणी होती. 1857 च्या जून महिन्यात मोमिनाबादहून औरंगाबादला गेलेल्या पहिल्या रिसाल्यात असंतोष उफाळला आणि पुण्याकडून आलेल्या इंग्रजी फौजेने तो मोडून काढला, हा इतिहास आहे. त्या इतिहासात घोड्यावर बसलेले, हाती पिस्तूल घेतलेले आमचे खापरपणजोबा मला स्पष्ट दिसत!

पुढे मी बी. ए. ला इतिहास घेतला आणि या चित्राला दृष्ट लागली. गेल्या दिवाळीच्या सुटीआधी वर्गात साधनांची चिकित्सा चालली होती. मी मोठ्या ऐटीत पिस्तुलाची गोष्ट सांगितली. सर म्हणाले, "छान. पण त्यावर काय लिहिलंय, ते वाचलंस का?" मी गप्प. एवढ्या वर्षांत ते वाचावे असे मला सुचलेच नव्हते.

सुटीत सर आमच्या गावी आले. त्यांनी पहिला प्रश्न केला तो कायद्याचा. आबा म्हणाले, ठाण्यात दाखवून नोंद केलेली आहे. नळीत शिसे ओतलेले, चक्र गंजून जाम झालेले. दुरुस्त करूनही उडणार नाही अशा जुन्या शस्त्राला 1959 च्या शस्त्र कायद्यात सूट आहे. मग सरांनी भिंग काढले.

आधी त्यांनी ते नक्कल तर नाही ना, हे पाहिले. जुन्या रिव्हॉल्व्हरच्या हुबेहूब नकला इटलीत 1950 नंतरच्या दशकाच्या अखेरीपासून होऊ लागल्या. त्यांवर चाचणीचे वर्ष खुणेच्या अक्षरांत असते; 'एए' म्हणजे 1975. लबाड विक्रेता ती अक्षरे कानशीने घासतो आणि आम्ल लावून गंज चढवतो. पण घासलेल्या जागी पोखड राहते, आणि मुद्दाम चढवलेला गंज सगळीकडे सारखा दिसतो. आमच्या पिस्तुलाचा गंज मुठीशी कमी, खाचांत जास्त. म्हणजे जुने खरे. माझी छाती फुगली.

मग सरांनी चक्राच्या मागच्या कडेकडे बोट केले. 1851 साली लंडनच्या मोठ्या प्रदर्शनात कोल्ट आणि ॲडम्स यांची रिव्हॉल्व्हरे गाजली. सत्तावन्नच्या काळातली इंग्रजी रिव्हॉल्व्हरे बहुधा या जातीची. त्यांच्या चक्रातल्या प्रत्येक घरात समोरून काळी दारू आणि गोळी ठासायची, आणि मागच्या बोंडीवर तांब्याची टोपी बसवायची. आमच्या चक्राला बोंड्या नव्हत्याच. कडेला बारीक खाचा होत्या. त्या खाचांतून काडतुसाची टाचणी वर डोकावते. वरून घोडा पडला की टाचणी आत जाते आणि दारू पेटते. ही लफोशे नावाच्या फ्रेंच कारागिराची युक्ती. ती सत्तावन्नच्या आधीची खरी. म्हणून मला अजून थोडी आशा होती.

ती चक्रावरच्या शिक्क्याने संपवली. लंबगोलात 'ई एल जी' ही अक्षरे : बेल्जियममधील लिएज शहरातल्या सरकारी चाचणीची खूण. आणि वर इवलासा मुकुट. सर हळूच म्हणाले, "हा मुकुट 1893 पासून आला."

खापरपणजोबा घोड्यावरून खाली उतरले!

सर गेल्यावर दोन दिवस मी आबांपुढे गेलो नाही. पंच्याऐंशीच्या घरातल्या माणसाची गोष्ट हिरावून घेण्याचा मला काय अधिकार? पण त्यांनीच विचारले, "काय म्हनले तुझे मास्तर?" मी चाचरत सगळे सांगितले.

आबा बराच वेळ पिस्तुलाकडे पाहत राहिले. मग म्हणाले, "लेकरा, पोलीस ॲक्शनच्या साली मी दहा वर्साचा व्हतो. रात्री कुनी झोपत नव्हतं. कवा रझाकार येत्याल, त्याचा नेम नव्हता. एक दिवस वडलांनी कुठून तरी हे आनलं. काडतूस एक बी नव्हतं. आमी पोरं लई भ्यालो व्हतो, तवा मांडीवर घेऊन म्हनले, हे सत्तावन्नचं हाय, हे घरात असल्यावर कुनी येत नाई. मला झोप लागली. मंग मी कवा इचारलंच नाई."

मी काहीच बोलू शकलो नाही. मला शूर खापरपणजोबा हवे होते. मिळाले ते रिकामे पिस्तूल मांडीशी ठेवून रात्रभर जागणारे पणजोबा. त्यांना पिस्तुलाचे साल ठाऊक नसेल. पण पोराला झोप कशाने लागेल, ते ठाऊक होते.

पेटीत ठेवण्यासाठी मी चिठ्ठी लिहिली : 'लिएज, बेल्जियम. 1893 नंतर.' आबांनी ती वाचून घेतली आणि म्हणाले, "खाली 1948 बी लिही." मी लिहिले.

मित्रहो, तुमच्याही घरी एखादी तलवार, घड्याळ, अडकित्ता असेल. त्यावरचा शिक्का भिंगाने जरूर वाचा. पण त्याची गोष्ट कुणी, कुणाला आणि कोणत्या रात्री सांगितली, हेही विचारा. ते सांगणारी माणसे आपल्या घरात आणखी किती वर्षे असणार?